हाक कोणाला मारायची

भोर, २३ ऑगस्ट १९३६

तीर्थरूप बाबा यांना सुवार्तेचा सलाम.

पत्राच्या माथ्यावर मी नेहमी 'येशू साहाय्य' असे दोन शब्द लिहीत असे. या वेळी लिहिले नाहीत. लिहिले असते तर तुम्हाला टोचायला लिहिले असे झाले असते. आता जागा कोरी सोडली आहे, तर सारखे तिकडेच लक्ष जाते.

तुमचे पत्र पोचले. गुंजवण्यात भात चांगला उभा राहिला, तिथल्या गेनबांनी आपल्या गोठ्याला लागून तुम्हाला पडवी काढून दिली आणि तिथे संध्याकाळी मुले बाराखडी गिरवायला बसतात, हे वाचून बरे वाटले. गडाकडून पाऊस आला की पडवीत पाणी शिरते असे तुम्ही सहज लिहून गेलात. घोंगडी पाठवते आहे. ती आईची नाही, माझी आहे. आईला सांगितलेले नाही.

मी अजून ख्रिस्ती मंडळीच्या शाळेतच आहे. ज्या मंडळीने तुम्हाला उपदेशकाच्या कामावरून काढले तिच्याच शाळेत मी रोज सकाळी मुलींना उभे करून प्रार्थना सांगते, हे तुम्हाला कसे वाटत असेल ते तुम्ही कधी लिहिले नाही. त्यामुळे मला अधिक वाटते. मंडळीचे पंच कुंडलिकराव अधूनमधून दाराशी उभे राहून ऐकतात. म्हणून मी 'हे प्रभू' एवढेच म्हणते. पित्यालाही प्रभू म्हणतात आणि पुत्रालाही प्रभू म्हणतात. कुंडलिकरावांना पुत्र ऐकू येतो, आणि तुम्ही असतात तर तुम्हाला पिता ऐकू आला असता. परवा प्रार्थना संपून सगळ्या बसल्यावर पहिलीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, कुठला प्रभू?" मी तिला खाली बस म्हटले. ती उभीच नव्हती.

आई ठीक आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पत्र तिला वाचून दाखवले. ज्या शिकवणीवरून मंडळीने तुम्हाला काढले तीच त्यात होती: प्रार्थना पित्याजवळ करावी, पुत्राच्या नावाने करावी, पण पुत्राजवळ करू नये. पुत्राने स्वतः पित्यालाच हाक मारली आणि शिष्यांनाही तेच शिकवले, हा भाग पुन्हा वाचला. तिने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे त्येंना हाक न्हाई मारायची?" मी म्हटले, बाबा तसे म्हणतात. ती उठली आणि शेंगा फोडायला बसली.

सध्या ती जरा गप्प असते. काळजीचे कारण नाही.

तुमची,
सुवार्ता


भोर, ६ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा यांना सलाम.

मागच्या पत्रातल्या दोन गोष्टी खऱ्या नव्हत्या.

आई 'जरा गप्प' नाही. तिने प्रार्थना करणे सोडले आहे.

आणि तिने विचारले तेव्हा मी 'बाबा तसे म्हणतात' असे म्हटले नव्हते. मी 'नाही' म्हटले. 'नाही मारायची.' बाबा म्हणतात हे शब्द मी पत्र लिहिताना घातले.

आणखी एक आहे. तुमच्या पत्रात 'माझ्या अल्प समजुतीप्रमाणे' असे शब्द होते. ते मी वाचले नाहीत. आईला ते जड जातील असे वाटले, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर त्यांच्यावाचून वाक्य सरळ ऐकू येत होते आणि मला ते तसे आवडले. भोंगवलीत मुलींना शाळा नव्हती तेव्हा तुम्ही मला मांडीवर घेऊन शास्त्र वाचायला शिकवलेत. मी अडखळले की म्हणायचात, "थांब हवं तितकं, पण गाळू नकोस." मी नेमके तेच केले.

तुम्हाला आठवते ना ती कशी बोलायची? हात जोडणे नाही, डोळे मिटणे नाही. चूल पेटेना की "अवो, लाकडं वली हाईत, बगा की जरा." दूध उतू जायला लागले की "अवो, धरा, धरा!" नाव कधी घ्यायची नाही. लहानपणी मला वाटायचे ती तुमच्याशीच बोलते आहे, आणि तुम्ही घरात नसताना बोलते म्हणून मला तिची भीती वाटायची. इथल्या शेजारच्या धोंडाबाई तिला हसायच्या. "चंद्रे, तुजा देव घरातच ऱ्हायाला हाय वाटतं. उठता-बसता कामाला लावतीस." आई म्हणायची, "मग? आयता बसून खातोय व्हय?"

आता घरात भांड्यांचा आवाज होतो, बाकी काही नाही. धोंडाबाईंनीही विचारले, "तुज्या आईचं आन् देवाचं भांडण झालं का गं?"

बायकांच्या सभेत तिची प्रार्थनेची पाळी आली. ती मान खाली घालून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कुंडलिकराव घरी आले. "चंद्राबाई, तुम्हालाही तुमच्या रखमाजींचं वारं लागलं काय?" आई म्हणाली, "माजं दात दुकत्यात." ते गेल्यावर मला म्हणाली, "दात दुकत न्हाईत. ह्ये पाप कुणाच्या नावावर?"

मी दोन्ही बाजू जाणते, बाबा. तुमचे वाचले की तुमचे खरे वाटते. मग कुंडलिकराव सांगतात की विश्वासासाठी दगडांनी मारला गेलेल्या स्तेफनाने मरताना येशूलाच हाक मारली, थोमा शिष्याने येशूला तोंडावर देव म्हटले आणि त्याने नको म्हटले नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच देव असेल तर एका व्यक्तीला हाक मारली आणि दुसरीने ऐकली नाही असे होईल कसे? ते ऐकले की ते खरे वाटते. शेवटी जो बोलला त्याची मी असते. ज्या मुलीची अशी अवस्था तिने आईला एका शब्दात 'नाही' म्हणावे!

तिला एक दिवसाआड ताप येतो. हिव भरते. दवाखान्यातून हिवतापावरचे कोयनेल आणले आहे. फार नाही.

मी काय करू ते लिहा.

सुवार्ता


भोर, १७ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा यांना सलाम.

तुमचे पत्र आले. त्यात माझ्यावर रागाचा एक शब्द नाही. असता तर बरे झाले असते. तुम्ही लिहिता: सत्य कानावर पडले की जीव काही काळ गप्प होतो, त्याला भिऊ नये, तिला पित्याला हाक मारायला शिकव, मुलांना शिकवतेस तशी एक-एक शब्दाने शिकव.

मी शिकवले. सोमवारी तिचा ताप उतरलेला होता. मी तिच्या उशाशी बसले आणि म्हटले, "आई, माझ्यामागून म्हण. हे आमच्या स्वर्गातल्या पित्या." तिने पदर ओढून तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटले. पुन्हा तेच. अंगात ताकद नव्हती, तरी हात वर नेऊन पदर शोधला. मी वैतागले. म्हटले, "आई, तू हट्टी आहेस. तुला दोघांपैकी कोणीच नको आहे का?" आजाऱ्याशी असे बोलतात का? मी बोलले. ती पदराआडून एवढेच म्हणाली, "तुला न्हाई समजायचं. तू शिकल्याली."

मला वाटते तिचा विश्वास गेला, बाबा. इतकी वर्षे ज्याच्याशी बोलत होती त्याला चुकीने हाक मारली असे तिला कळले, आणि आता तिला कोणावरच भरवसा राहिला नाही. हे मी केले. तुमचा विचार होता, पण तोंड माझे होते. तुम्ही तिला सांगितले असते तर तिने तुमच्याशी वाद घातला असता, तवा आपटला असता, आणि शेवटी आपल्याला हवे तेच केले असते. माझ्याशी तिने वाद घातला नाही. मी वाचते म्हणजे खरेच वाचते, अशी तिची समजूत आहे.

तुम्ही विचारता, येऊ का? आताच येऊ नका. तुम्ही आलात की मंडळीची माणसे दाराशी जमतील, बोलाचाली होईल, तिला त्रास होईल. तिच्या जिवाला शांतता हवी आहे.

सुवार्ता


भोर, २७ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा यांना सलाम.

आईचा विश्वास गेलेला नाही. मला आज जे कळले ते तुम्हाला लिहिताना हसू येते आणि हसले म्हणून लाज वाटते.

दुपारी तिने थोडी पेज घेतली. मी धीर करून विचारले, "आई, तुझा देवावर राग आहे का?"

"राग? कुनावर?"

"मग पित्याला हाक का मारत नाहीस?"

"अगं, लाज वाटती की."

मला समजले नाही. मी म्हटले, देवाची कसली लाज?

"देवाची न्हवं गं. मामंजींची."

मग तिने समजावून सांगितले, मी पहिलीतली मुलगी असल्यासारखे. "तुज्या बाबांनीच न्हाई का सांगितलं भोंगवलीत, झाडाखाली समद्यांफुडं? मंडळी ही ख्रिस्ताची नवरी. मंडळी म्हंजे बायकू. म्या तवाच म्हटलं, बराबर हाय. आता त्ये माजं मालक, तर त्यांचा बाप माजा कोण? मामंजीच न्हवं? आन् तू म्हंतीस, मालकाशी बोलू नगंस, मामंजींशी बोल! कुठल्या घरात आसं असतंय? सून सासऱ्याफुडं त्वांड उघडती व्हय?"

मी म्हटले, "आई, ते रूपक आहे."

"कोन हाय?"

तुम्ही मंडळी म्हणालात ते उपासनेला जमलेल्या लोकांना. तिने मंडळी ऐकली ती 'आमची मंडळी माहेरी गेलीय' यातली. एवढ्या वर्षांत आपल्या दोघांपैकी कोणालाही ते कळले नाही. म्हणून ती नाव घेत नव्हती. म्हणून 'अवो'. मी पित्याचे नाव काढले की पदर ओढत होती तो हट्टाने नाही. थोरले समोर आले म्हणून.

मग आजोबांचा विषय निघाला. चिमाजी आजोबांशी ती कधी एक शब्द बोलली नाही, हे मला ठाऊक होते, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता. ती दाराआड उभी राहायची आणि मला पुढे करायची. "म्हन, भाकरी वाढलीया." मी म्हणायची, "आजोबा, आई म्हणते भाकरी वाढलीय." "म्हन, तंबाखूची बोटं भितीला पुसू नगा." तेही मी म्हणायची. आजोबा मला म्हणायचे, "तुज्या आईला सांग, भिंत माज्या बापानं बांदलीया." आई दाराआडून, "म्हन, सारवती कोन?" तुम्ही ओसरीवर पोथी समोर धरून हसायचात.

आज तिने एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही ठाऊक नसेल. आजोबा शेवटचे आजारी होते तेव्हा तुम्ही खेड्यांवर गेला होतात. ती पाणी पाजत होती. आजोबा म्हणाले, "पोरी, आता तरी बोल की माज्याशी. किती दिस ऱ्हायलं?" ती म्हणाली, "मला लई बोलायचं व्हतं, सुवे. जीभच वळली न्हाई. म्या नुसतं तांब्या धरून उभी." आणि रडली. "तशीच त्या थोरल्याफुडं उभी ऱ्हाईन बग मी. त्ये म्हंतील बोल, आन् माजं त्वांड उघडायचं न्हाई."

मी तिचे पाय दाबत बसले. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली, "तू सांग की त्यांना. नातीला कसली आलीया लाज?"

बाबा, मी सांगितले. मोठ्याने म्हटले, "हे पित्या, आई म्हणते, ताप उतरू दे. आई म्हणते, सुवीचे बाबा ओल्यात झोपतात, त्यांना सांभाळ." घोंगडीचे तिला कळले आहे. ती डोळे मिटून ऐकत होती. मी म्हटले, "आई म्हणते, औषध फार कडू आहे." तशी तिने माझा हात धरला. "त्ये नगं सांगू. तक्रार केल्यावानी वाटतं."

ती शांत झोपली. आणि मी लगेच हे पत्र लिहायला बसले.

तुम्ही आणि कुंडलिकराव हजार गोष्टींत भांडाल, पण एक गोष्ट तुम्ही दोघेही मानता: देव आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहणारा एकच आहे, ख्रिस्त, दुसरा कोणी नाही. त्याला बाजूला करून तिथे आज कोण उभे राहिले? तुमची सुवार्ता. तुम्ही म्हणता पुत्राला हाक मारू नये. पण पुत्राच्या जागी मुलीला बसवावे, असे तर तुम्हीही म्हणत नाही ना?

लवकर लिहा. ती उद्या पुन्हा सांगायला लावील.

सुवार्ता


भोर, ४ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा यांना सलाम.

तुमचे उत्तर आलेले नाही. टपाल वेल्ह्यापर्यंत येते, पुढे कोणी गुंजवण्याकडे जाणारे भेटेपर्यंत पडून राहते, हे जाणते. तुम्ही उत्तर शोधत असाल, असेही वाटते. तुम्हाला घाईने उत्तर देता येत नाही आणि मला घाई झाली आहे. म्हणून मी तुमच्या उत्तरावाचून एक काम केले आहे.

ताप आता रोज येतो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, पाणथरी, म्हणजे प्लीहा, फार वाढली आहे म्हणाले, आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, जवळच्या माणसांना कळवा. आधीच्या एका पत्रात 'फार नाही' असे लिहिले होते ते तेव्हाही खरे नव्हते.

तीन दिवस मी तिचे निरोप पित्याजवळ पोचवत होते. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी सांगितले, "आई, मी या कामाची नाही. मी शाळेत मुलींना फसवते, पत्रात बाबांना फसवते. माझ्या तोंडून गेलेले कसे पोचेल?" ती म्हणाली, "तुजं काय पवित्र त्वांड लागतंय का त्याला? तू तंबाखूचं सांगत व्हतीस तवा सोवळ्यात हुतीस व्हय?" पण तिने मग आग्रह केला नाही. संध्याकाळभर दाराकडे बघत पडली होती. हिव भरले तेव्हा दात वाजत होते, ओठ हलत होते, आणि आवाज मात्र काढत नव्हती. मी 'नाही' म्हटले होते म्हणून. तापात बडबडताना माणसाला भान नसते म्हणतात. तिला तापातही माझा शब्द मोडवत नव्हता.

ते मला पाहवले नाही. मी तिच्या कानाशी वाकून म्हटले, "आई, त्यांच्याशी बोल."

"कुनाशी?"

"पूर्वी बोलायचीस त्यांच्याशी."

"आन् तुजं बाबा?"

"त्यांना मी सांगते."

"शास्तरात ल्हेलंय का तसं? नीट वाचलंस?"

इथे मला खोटे बोलता आले असते, आणि स्तेफनाचे नाव सांगितले असते तर ते खोटेही झाले नसते. मी म्हटले, "आई, मला कळत नाही. मी त्या दिवशी 'नाही' म्हटले तेव्हाही मला कळत नव्हते."

मला वाटले आता मला शिव्या देईल. मग छताकडे बघून म्हणाली, "अवो, हाईसा न्हवं? लई दिस झालं. पोरीनं न्हाई म्हटलं म्हनून गप बसले. पर तुमी तरी इचारायचं, का गं गप म्हनून. बाप्यांचं समदं आसंच."

बाबा, हे मी मंडळीच्या बाजूने होऊन केलेले नाही. फक्त पित्यालाच हाक मारावी की पुत्रालाही मारावी, यातले काय बरोबर हे मला ऑगस्टमध्ये कळत नव्हते तसे आजही कळत नाही. त्यामुळे कुंडलिकराव आज सकाळी आले, दारातून तिचा आवाज ऐकला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास पोरी, रखमाजींचं वारं उतरवलंस," तेव्हा मला तुमचा घात केल्यासारखे वाटले. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला हवे होते.

आणि तुम्ही येऊ नका असे मी लिहिले, ते आईच्या शांततेसाठी लिहिले नव्हते. तुम्ही आलात की मला विचाराल, तू कोणाला प्रार्थना करतेस, याची मला भीती होती. तिला तुम्ही हवे होतात. तिने तेव्हाच विचारले होते, "त्यांना कळवलंस?" मी हो म्हटले होते.

या. मला काहीही विचारा, पण या.

सुवार्ता


भोर, ९ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा यांना सलाम.

तुम्ही बुधवारी आला होतात.

मला काल सकाळी धोंडाबाईंकडून कळले. त्या म्हणाल्या, "तुजा बाप दिवं लागायच्या वक्ताला आल्ता की. गुडघ्यापातूर चिखल. वटीवर चपला काढल्या आन् तसाच उभा. म्या म्हटलं, पावनं, आत जावा की, बायकू आजारी हाय. तर म्हनलं, आत बोलनं चाललंय. मी म्हटलं, आत तर ती न् पोर, दोगीच. तसा चपला हातात घिऊन माघारी गेला."

मी आईच्या पायाशी बसले होते, दाराकडे पाठ होती. मी वळून पाहिले असते तर!

कालपासून मी त्या तीन शब्दांवर डोके फोडते आहे. 'आत बोलणं चाललंय.' तुम्हाला ऐकवत नाही अशी प्रार्थना चालू होती, म्हणून तुम्ही गेलात का? की दोन माणसांच्या बोलण्यात मध्ये शिरू नये म्हणून थांबलात, आणि मग आत यायचे बळ राहिले नाही? तुम्हाला राग आला असेल तर तो माझ्यावर असू द्या. तिला मी परवानगी दिली, आणि अडवलेही मीच होते.

तुम्ही नसरापूरहून मोटारीने आलात की चालत, रात्री कुठे राहिलात, काही ठाऊक नाही. आईला तुम्ही येऊन गेलात हे सांगितलेले नाही. हे लपवणे नाही. सांगेन, पण तुम्ही पुन्हा यायला निघालात असे कळल्यावर. ताप तसाच आहे. पेज जात नाही. डॉक्टर आता कोयनेल द्या असेही म्हणत नाहीत. पण जाग आली की ती बोलते. भांडते, हसते, धोंडाबाईंची म्हैस केव्हा विणार तेसुद्धा विचारते. आवाज इतका खोल गेला आहे की मला कान जवळ न्यावा लागतो. तुम्ही ओसरीवरून किती ऐकलेत कोणास ठाऊक. तुम्ही गेलात तेव्हा ती बहुधा तिच्या आईबद्दल, भोंगवलीच्या विहिरीबद्दल बोलत होती. तिथून पुढे ती तुमच्याविषयी बोलली. ते तुमच्या कानावर पडले नसावे, म्हणून लिहून कळवते. ती म्हणाली:

"अवो, सुवीच्या बाबांचं लई मनावर घिऊ नगा. त्ये सरळ मामंजींशीच बोलत्यात, तुमाला हाक मारत न्हाईत. ल्येकाचा मान ठिवायची त्यांची ही तऱ्हा. शिकल्याला मानूस, त्याला काय म्हनावं? पर तुमचं नाव घेतल्याबिगर त्यांनी कदी घास त्वांडात घातला न्हाई, ह्ये मी वाढत आले हाय, मला ठावं हाय. तिकडं कुनी त्यांची बाजू घील का न्हाई, म्हाईत न्हाई. तुमीच घ्या. येवडं मामंजींच्या कानावर घाला."

मी आमेन म्हटले.

तुमची,
सुवार्ता